लालन फकीर : जात न सांगणारा गायक

दरवर्षी १७ ऑक्टोबरच्या सुमारास बंगाली कार्तिक महिना सुरू होतो. त्या दिवशी बांगलादेशातील कुष्टिया शहरालगतच्या छेउरिया गावी लोकसंगीताचा मोठा मेळा भरतो. समाधीच्या आवारात एकतारा आणि दोतारा घेतलेले वृद्ध फकीर गात बसतात; जवळच्या मंचावर तरुण गायक गिटार आणि ध्वनिवर्धकांच्या साथीने तीच पदे आळवतात. या पदांचे कर्ते लालन फकीर १८९० मध्ये छेउरियातच निवर्तले.

लालन यांच्या जन्मस्थानाविषयी आणि जन्मधर्माविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्रचलित आख्यायिकेनुसार, तरुणपणी तीर्थयात्रेत त्यांना देवीचा आजार झाला आणि सोबत्यांनी त्यांना मृत समजून वाटेत सोडले. एका मुसलमान कुटुंबाने शुश्रूषा करून त्यांना वाचविले. मात्र ते घरी परतल्यावर समाजाने त्यांना स्वीकारले नाही. आख्यायिकेतील तपशील कसेही असोत, लालन यांनी आपली जात आणि धर्म कधीच उघड केला नाही, हे निश्चित. सिराज साँई यांना गुरू मानून ते छेउरियाच्या विणकर वस्तीत स्थिरावले. त्यांच्या आखाड्यात हिंदू आणि मुसलमान शिष्य एकत्र राहत.

मनुष्यदेह हेच देवालय, हा त्यांच्या पदांचा गाभा होय. जातिभेदावर त्यांनी थेट प्रहार केला. साहजिकच दोन्ही धर्मांतील कर्मठांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध लिहिणारे ‘ग्रामवार्ता प्रकाशिका’चे संपादक कांगाल हरिनाथ यांच्यावर संकट आले, तेव्हा लालन शिष्यांसह त्यांच्या रक्षणार्थ उभे राहिले, असे सांगितले जाते.

दोल पौर्णिमेला, म्हणजे होळीच्या दिवशी, लालन साधुसंग भरवीत. ही प्रथा आजही चालू आहे. त्यात गाण्यांचा क्रम ठरलेला असतो : सायंकाळी नम्रतेची दैन्यगीते, पहाटे बालकृष्णाची गोष्ठगीते. एका पदात प्रश्न उपस्थित करावा आणि दुसऱ्या गायकाने पदानेच त्याचे उत्तर द्यावे, अशीही रीत आहे. वारकरी कीर्तनाची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला हा सामूहिक विचारविनिमय परका वाटणार नाही.

लालन यांची पदे शिष्यांच्या कंठातून आणि वह्यांतून टिकली. १८८९ मध्ये ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी त्यांचे रेखाचित्र काढले. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१५-१६ मध्ये ‘प्रबासी’ मासिकात त्यांची काही पदे प्रसिद्ध केली आणि नागर वाचकांचे लक्ष या परंपरेकडे वेधले. बाउल गायनाला २००५ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या मौखिक व अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

मृत्यूच्या आदल्या रात्रीही लालन शिष्यांसह पहाटेपर्यंत गात होते, असे ‘हितकरी’ या तत्कालीन नियतकालिकाने नोंदविले. त्यांच्या इच्छेनुसार मुल्ला अथवा पुरोहित यांच्या हस्ते कोणताही विधी झाला नाही. आखाड्यातच त्यांना समाधी देण्यात आली.

मंचावरच्या नव्या सादरीकरणामुळे पदांचा अर्थ हरवतो, अशी खंत जुने साधक व्यक्त करतात. मात्र ज्या गायकाने आपल्या आखाड्याच्या दाराशी कोणालाही जात विचारली नाही, त्याची पदे आज साधक आणि शहरी तरुण असे दोघेही गात आहेत. पदांतील प्रश्न श्रोत्यापर्यंत पोहोचतो की नाही, हीच त्या दोघांचीही कसोटी आहे.