लॅब नव्हती, म्हणून लॅबच उभारली!

प्रोजेक्टचा विषय ठरतो, गाइडही हो म्हणतात आणि मग कळतं की, त्यासाठी लागणारं मशिन आपल्या कॉलेजात नाहीच. अशा वेळी आपण काय करतो? गुपचूप विषय बदलतो. आज भेटा अशा एका शास्त्रज्ञ बाईंना, ज्यांनी विषय बदलला नाही. डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगल उघडलं असेल, तर त्यांचं डूडल तुम्ही पाहिलंही असेल आणि पुढे स्क्रोल केलं असेल!

सीताफळ ते कॅन्सर

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकलंच पाहिजे, याबाबत ते ठाम होते. हुजूरपागेतली शाळा संपली तेव्हा त्यांच्या मनात होतं, लेकीने डॉक्टर व्हावं आणि जावईही डॉक्टरच मिळावा. लेकीचा प्लॅन मात्र वेगळा होता. तिने बॉटनी-झूलॉजी घेतलं आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी.

लग्न झालं, पण अभ्यास सुटला नाही. १९४३ मध्ये त्यांनी पुण्याच्या अ‍ॅग्रिकल्चर कॉलेजातून एमएस्सी केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. होय, दौलताबादला जाताना रस्त्याच्या कडेला टोपल्यांत दिसतं, तेच सीताफळ! पेशीत डोकावायची सवय इथेच लागली.

पुढे मुंबई. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल तेव्हा अगदी नवं होतं, १९४१ मध्ये सुरू झालेलं. तिथले नामवंत पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. प्रश्न मोठा होता: स्तनाचा कॅन्सर होतो कशामुळे? आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचं एकमेकांशी नातं काय? हे त्या उंदरांवर प्रयोग करून शोधत होत्या. हा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध सुरुवातीच्या काळात मांडणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं.

बाल्टिमोरहून परत

पण जिवंत माणसाच्या शरीरात हवे तसे प्रयोग करता येत नाहीत. पेशी शरीराबाहेर वाढवाव्या लागतात. हे शिकायला त्या फेलोशिप घेऊन अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. बायोटेकवाल्यांनो, हे नाव तुम्हाला माहीत असायला हवं. १९५१ मध्ये गाय यांच्याच लॅबमध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्याच आजच्या ‘हेला’ पेशी.

तिकडे सगळं तयार होतं. कमलताई तरीही परत आल्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९६० च्या दशकात त्यांनी टिश्यू कल्चर लॅब उभी केली. देशातली ही अशी पहिली लॅब मानली जाते. काम किती नाजूक, ते बघा. पेशींना ३७ अंश तापमान लागतं, वेळच्या वेळी नवं पोषक द्रव्य लागतं आणि बुरशी शिरली की आठवड्यांची मेहनत फुकट. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेची धुराही सांभाळली. कॅन्सर कसा सुरू होतो, पेशींचं जीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र, या विषयांचे नवे विभाग सुरू केले.

सपाट थरातून गोळ्याकडे

त्यांनी देशात रुजवलेलं हे तंत्र आज कुठे पोचलंय? नेहमीच्या कल्चरमध्ये पेशी डिशच्या तळाला चिकटून एका थरात वाढतात. सगळ्यांना अन्न सारखं, ऑक्सिजन सारखा. खरी गाठ अशी नसते. म्हणून आता पेशींचे त्रिमितीय गोळे, म्हणजे स्फेरॉइड, वाढवतात. गोळा मोठा झाला की मधल्या पेशी उपाशी पडतात, अगदी गाठीसारख्या. मग खरा सवाल येतो, औषध मध्यापर्यंत पोचतं का?

इथे लागतं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा वजनकाटाच! गोळ्याचा पातळ काप घेतात, त्यावर एक रसायन पसरतात आणि ठिपक्या-ठिपक्यावर लेसर मारतात. रेणू विद्युतभारित होऊन नळीतून धावतात. हलके आधी पोचतात, जड मागून. त्या वेळेवरून रेणू ओळखायचा आणि कुठल्या ठिपक्यात काय सापडलं, याचा नकाशा काढायचा. औषध कडेलाच अडकलं की आत शिरलं, ते त्यात दिसतं. सपाट थरात हा प्रश्न विचारताच येत नाही.

राजूरच्या वाटेवर

कमलताईंनी कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याआधी १९७३ मध्ये ११ सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली होती. बाई लॅबमध्ये टिकायची तर मुलांना सांभाळायला कुणी हवं, राहायला जागा हवी, हे या संघटनेने ओळखलं. वाशीला तिचं वसतिगृह आणि पाळणाघर आहे.

आणि नंतर? आपल्या शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातलं राजूर. तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला. गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण मिळावं म्हणूनही त्या झटल्या. २००१ मध्ये त्या गेल्या.

आपल्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून पेशंट येतात. त्यांना मिळणाऱ्या औषधांमागे कुठल्या ना कुठल्या लॅबमधल्या पेशी असतातच. पुढची लॅब इथे उभी राहायची, तर ती कुणीतरी उभारावी लागेल. मशिन नाही म्हणून विषय बदलण्याआधी एकदा गाइडला विचारा, ते आणायचं कसं?