पंगू बालकांची माउली : श्रीमती फातिमा इस्माईल

आमच्या लहानपणी कड्याच्या बाजारात गुडघ्यावर हात टेकून, एक पाय ओढीत चालणारी मुले वारंवार दृष्टीस पडत. गावचे लोक त्यांस त्यांच्या व्यंगावरूनच हाक मारीत, आणि हा दैवाचा भोग आहे असे समजून स्वस्थ बसत. आज आमच्या शाळेच्या अंगणात असे एकही मूल नाही. हा पालट आपोआप घडून आलेला नाही. त्यासाठी ज्यांनी देह झिजविला त्यांपैकी एका मातेचे चरित्र आम्ही यंदा बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

फातिमाबाईंचा जन्म सन १९०३ मध्ये सोबानी नावाच्या धनाढ्य घराण्यात झाला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे मुंबईचे गिरणीमालक होते. सन १९२१ मध्ये महात्मा गांधींनी परदेशी कापडाची जी प्रसिद्ध होळी पेटविली, ती परळ येथे ह्याच उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात. अशा घरात वाढलेल्या फातिमाबाईही स्वातंत्र्याच्या चळवळीत व अखिल भारतीय महिला परिषदेच्या कार्यात उतरल्या, ह्यात नवल ते काय? परंतु त्यांच्या जीवनाचे खरे कार्य त्यांस सभामंडपात सापडले नाही. ते त्यांस स्वतःच्या लेकीच्या बिछान्यापाशी सापडले.

त्यांच्या चिमुकल्या मुलीस पोलिओचा विकार झाला. ह्या रोगाचे विष तोंडावाटे शरीरात शिरते आणि क्वचित प्रसंगी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचून, स्नायूंस हालविणाऱ्या पेशींचा नाश करिते. ताप उतरतो, पण पाय लुळा पडतो. पुढे आणखी एक अनर्थ ओढवतो. सांध्याच्या एका बाजूचे स्नायू निर्जीव व दुसऱ्या बाजूचे सजीव राहिले, म्हणजे सजीव स्नायू सांध्यास आपल्याकडे खेचीत राहतात, आणि मुलाचे वाढते हाड त्या ओढीप्रमाणे वाकू लागते. म्हणजे रोग जरी थोड्या दिवसांचा असला, तरी व्यंग वर्षानुवर्षे वाढत जाते.

मुलगी चालू लागेल अशी आशा वैद्यांनी दिली नाही. तथापि फातिमाबाईंनी ते भाकीत मान्य केले नाही. मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, डॉ. किणी नावाचे निष्णात अस्थिशल्यविशारद होते. मुलीस घेऊन त्या त्यांच्याकडे गेल्या. कित्येक महिने उपचार चालले, आणि निर्जीव वाटणाऱ्या पायात हळूहळू बळ येऊ लागले.

हे उपचार कसले असतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस एका दृष्टांताने सहज समजेल. शेतातले कोवळे रोप वाकले, तर शेतकरी त्यास काठीचा आधार देऊन बांधतो. सन १७४१ मध्ये आंद्री नामक फ्रेंच वैद्याने मुलांची व्यंगे सुधारण्याविषयी ग्रंथ लिहिला, त्यात असेच काठीला बांधलेले वाकडे झाड चित्रित केले होते, आणि आजही ते चित्र ह्या शास्त्राचे बोधचिन्ह आहे. शेकणे, सांध्यांस हलक्या हाताने व्यायाम देणे, पाय सरळ राहावा म्हणून फळी किंवा प्लॅस्टर बांधणे, चालण्यासाठी सळ्या जोडलेला बूट देणे, आणि गरज पडल्यास सजीव स्नायूचा दोर सोडवून निर्जीव स्नायूच्या जागी शिवणे, असे हे उपाय आहेत. मेलेल्या पेशी त्यांनी पुन्हा जिवंत होत नाहीत. पण जे बळ उरले आहे ते वाया जात नाही, आणि पाय वाकडा होण्यापासून वाचतो.

आपली मुलगी सुधारली, आता आपले काम संपले, असे त्या मातेने म्हटले असते, तर तीस कोण दोष देता? परंतु ज्यांस मद्रास गाठण्याचे साधन नाही, त्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांच्या अंतःकरणास लागून राहिला. सन १९४७ मध्ये डॉ. बाळिगा ह्यांनी मुंबईतील आपल्या दवाखान्याची जागा देऊ केली, आणि तेथे पोलिओग्रस्त मुलांवर उपचार सुरू झाले. ह्या लहानशा आरंभातून पंगू बालकांच्या पुनर्वसनाची संस्था व हाजीअलीजवळचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. मुलांचे शिक्षण खुंटू नये म्हणून शाळेचीही सोय झाली. फातिमाबाई स्वतः वैद्य नव्हत्या. वैद्य, दाते व सरकार ह्यांस एकत्र आणणे, हेच त्यांचे कौशल्य होय. सन १९५८ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली, आणि सन १९७८ मध्ये त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. सन १९८७ मध्ये त्या निवर्तल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, जानेवारी २०११ मध्ये, भारतातील अखेरचा पोलिओरुग्ण आढळला. आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. हे लसीचे यश होय. मात्र व्यंगे अजून संपलेली नाहीत. काही बालके जन्मतःच आत वळलेली पावले घेऊन येतात. पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्यास प्लॅस्टर बदलीत गेल्यास, बहुधा पाच-सहा प्लॅस्टरांत पाऊल सरळीवर येते. पुष्कळदा टाचेमागील शिरेस लहानसा छेद द्यावा लागतो, आणि पुढे चार वर्षांपर्यंत रात्री विशिष्ट बूट घालावे लागतात. पाय सरळ दिसला म्हणून बूट सोडून देणे, ही आईबापांची नेहमीची चूक. मग पाऊल पुन्हा वळते.

पालकहो, मुलाचे व्यंग पदराखाली झाकू नका. सन २०१३ पासून सरकारी वैद्यकीय पथके शाळांत व अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करीत आली आहेत. त्यांस ते मोकळेपणे दाखवा. सन २०२२ पासून कड्याहून नगरास आगगाडीही सुरू झाली. फातिमाबाईंस मद्रास दूर वाटले नाही. मग आम्हांस नगर दूर का वाटावे?