पद्मिनीच्या बॉनेटखालचा माणूस

आधीच सांगून टाकते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळ सुधारेल असं गृहीत धरून मी हे लिहिते आहे. तरी राहिल्या तर त्या माझ्या नावावर.

आपल्या ऑटोमोबाईल लॅबमध्ये खिडकीपाशी एक कट-सेक्शन इंजिन ठेवलेलं आहे. लाल-पिवळा रंग दिलेलं, हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली होतात ते. मागच्या सेमिस्टरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं की हे कोणाचं डिझाईन. मी छातीठोकपणे प्रीमियर म्हणून सांगितलं. सर हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले. मार्क गेले ते गेलेच, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

दुसरं कारण मेसमधलं. रविवारी फीस्ट झाली की आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. सेकंडहँड छोटी गाडी घ्यायची तर दहा-पंधरा वर्षं कुठली टिकेल? कोणी जपानी म्हणतं, कोणी जर्मन म्हणतं आणि शेवटी प्रत्येकजण आपापल्या काकांच्या गाडीचा दाखला देतो. गाडी टिकते म्हणजे नक्की काय होतं, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्या लाल-पिवळ्या इंजिनाचा बाप शोधताना ते विचारावंसं वाटलं.

त्याचं नाव दान्ते जाकोझा. जन्म ३ जानेवारी १९०५, रोममध्ये. घराणं मात्र उत्तरेच्या पिएमोंत भागातलं. शिक्षण तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये, १९२७ साली मेकॅनिकल इंजिनिअर. पुढच्याच वर्षी तो फियाटच्या ताब्यातल्या एका कंपनीत चिकटला आणि लष्करी वाहनांच्या ड्रॉइंगवर बसला. मग विमानांच्या इंजिनांचा विभाग. म्हणजे आपल्याकडे कॅम्पसमधून लागलेला मुलगा पहिली काही वर्षं जे करतो, तेच. दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज पुरी करायची.

याच सुमारास फियाटमध्ये एक किस्सा घडला. कंपनीचे मालक सेनेटर आन्येल्ली यांना सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी हवी होती. ओरेस्ते लार्दोने नावाच्या इंजिनिअरने १९३१ मध्ये पुढच्या चाकांवर चालणारी गाडी बनवली. चाचणीला सेनेटरसाहेब स्वतः आत बसले. तुरिनजवळच्या चढावर गाडीने पेट घेतला. सगळे उड्या मारून बाहेर पडले, जीव वाचले. लार्दोनेची नोकरी गेली आणि साहेबांनी हुकूम काढला की यापुढे फियाटमध्ये फ्रंट-व्हील ड्राइव्हचं नाव काढायचं नाही. आग लागली म्हणून पुढच्या चाकांवर बंदी! आपल्या विभागात असले निर्णय होत नाहीत असं मी म्हणणार नाही. असो. हा हुकूम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छोट्या गाडीचं काम १९३४ मध्ये जाकोझाकडे आलं. तेव्हा त्याला तिशीही लागली नव्हती आणि अख्खी गाडी त्याने कधी केलेली नव्हती. त्याने ५६९ सीसीचं, चार सिलिंडरचं, १३ हॉर्सपॉवरचं इंजिन केलं आणि ते पुढच्या अॅक्सलच्याही पुढे नेऊन ठेवलं. रेडिएटर इंजिनाच्या मागे आणि वर. यात खरी गंमत आहे. रेडिएटर वर असल्यामुळे गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड होऊन खाली येतं, म्हणून वॉटर पंपच लागला नाही. पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढे उंचावर, त्यामुळे पेट्रोल उताराने कार्बोरेटरमध्ये येतं, म्हणून फ्युएल पंपही नाही. किंमत कमी करायला काढलेले हे दोन पंप, पण गाडी रस्त्यात बंद पडायची दोन कारणंही त्यांच्याबरोबर गेली. गाडी १९३६ मध्ये आली. ५,००० लिराचं स्वप्न होतं, विकली ८,९०० लिराला. लोकांनी तिचं नाव तोपोलिनो ठेवलं, म्हणजे छोटा उंदीर. इटलीत मिकी माउसलाही हेच नाव आहे. १९५५ पर्यंत अशा पाच लाखांवर गाड्या निघाल्या.

त्यानंतर १९३७ मध्ये आली ११००. आपल्या लॅबमधलं इंजिन इथून सुरू होतं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर. कॅल्क्युलेटर काढा, १०८९ सीसी येतात. पॉवर किती, तर ३२ हॉर्सपॉवर. एवढ्या इंजिनातून एवढीच? मलाही तसंच वाटलं होतं. पण महायुद्ध संपल्यावर जाकोझाने चिझितालिया कंपनीसाठी एक छोटी रेसिंग कार डिझाईन केली, तिच्यात हेच इंजिन सुधारून बसवलं, आणि तिथे ते साठच्या आसपास देत होतं. म्हणजे घरगुती गाडीत त्याने ते निम्म्या ताकदीवर चालवलं. फॅक्टर ऑफ सेफ्टी आपण मशीन डिझाईनच्या पेपरपुरता पाठ करतो. या माणसाने तो लोकांच्या गाडीत घातला. (त्या रेसिंग कारची १९४६ ची पहिली शर्यत मात्र वेगळ्याच कारणाने गाजली. नुव्होलारी या प्रसिद्ध ड्रायव्हरचं स्टिअरिंग व्हील चालत्या गाडीत हातात आलं आणि पठ्ठ्या ते हवेत हलवत गाडी चालवत राहिला.)

युद्धानंतर गाड्यांची रांगच लागली. १९५३ मध्ये ११०० ला नवी बॉडी, १९५५ मध्ये मागे इंजिन असलेली ६००, १९५७ मध्ये दोन सिलिंडरची हवेने थंड होणारी नवी ५००. ही ५०० सुरुवातीला इतकी कोरडी होती की लोकांनी पाठ फिरवली. थोडी सजवल्यावर मात्र ती घरोघरी गेली आणि तिला १९५९ मध्ये डिझाईनचं मोठं बक्षीसही मिळालं.

आता त्या हुकुमाकडे येऊ. पुढची चाकं चालवायची तर ती वळवायचीही असतात, आणि वळतानाही एकसारखी फिरवणारे जॉइंट स्वस्तात आणि टिकाऊ मिळत नव्हते. जाकोझाच्या मनात कल्पना होती, पण भरवसा नव्हता, म्हणून तो थांबला. तेवढ्यात १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये अॅलेक इसिगोनिसने मिनी आणली आणि जग वेडं झालं. इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, ऑइलच्या संपमध्येच. जागा वाचवण्यात मिनीला तोड नाही, पण इंजिन आणि गिअर एकच ऑइल वापरतात. गिअरबॉक्सचं काम निघालं की अख्खं इंजिन खाली उतरवा. डिस्ट्रिब्युटर समोरच्या जाळीकडे तोंड करून, त्यामुळे पावसात भिजला की गाडी बंद.

इथे मला आमचा मिनी प्रोजेक्ट आठवतो. आमच्या गो-कार्टमध्ये मी चेन टेन्शनर अशा कोपऱ्यात बसवला की बघणाऱ्यांनी वा वा केलं. ट्रायलला चेन सैल झाली, आणि पान्हा आत जाईल एवढी जागाच नव्हती. सीट काढा, मग टाकी काढा, मग टेन्शनर. मुलांनी चाळीस मिनिटं मला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

जाकोझाने इंजिन आडवंच ठेवलं, पण गिअरबॉक्स त्याच्या टोकाला लावला. त्यासाठी क्लच दाबायची यंत्रणा फार आखूड करावी लागली, नाहीतर एवढी लांबी दोन चाकांमध्ये मावत नाही. गिअरबॉक्स एका बाजूला आल्यामुळे एक ड्राइव्ह शाफ्ट आखूड, दुसरा लांब. एसओएम आठवा, तेवढ्याच टॉर्कला लांब शाफ्ट जास्त पिळतो. हा त्रास त्याने पत्करला. बदल्यात इंजिनाला इंजिनाचं ऑइल, गिअरला गिअरचं आणि दोन्हीचं काम वेगवेगळं. तरीही फियाटच्या नावावर जोखीम नको म्हणून ही गाडी १९६४ मध्ये आउतोबियांकी प्रिमुला या नावाने बाजारात उतरवली. फसली असती तरी मोठी अब्रू गेली नसती. आणि आत इंजिन कोणतं? ११०० च्याच घराण्यातलं, १२२१ सीसीचं. नव्या मांडणीची परीक्षा त्याने जुन्या, पारखलेल्या इंजिनावर घेतली. प्रिमुला नीट चालली तेव्हाच, १९६९ मध्ये, फियाट १२८ आली. १९३१ च्या आगीला तोवर अडतीस वर्षं झाली होती. आज आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं बॉनेट उघडून पाहा, आडवं इंजिन आणि टोकाला गिअरबॉक्सच दिसेल.

पण नुसती आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. त्या काळातल्या फियाट गाड्या गंजण्यासाठी बदनाम होत्या, आणि १२८ त्यातलीच. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत इंजिन ठणठणीत आणि पत्रा चाळणी, अशी दशा व्हायची. पत्र्याचा दर्जा आणि रंगाची प्रक्रिया ही कारखान्याची बाजू, डिझाईन करणाऱ्याचा दोष नाही, असं कोणी म्हणेल. मला ते पूर्ण पटत नाही. पाणी साचेल असे कोपरे शेवटी ड्रॉइंगवरच काढलेले असतात. तो डिझाईनचा प्रमुख होता. दोन पंप वाचवणाऱ्याला गंजही दिसायला हवा होता.

आपल्याकडे हे इंजिन कसं आलं? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात फियाट ११०० जुळू लागली, १९६४ पासून ११००-डी, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. इटलीत गाडी बंद झाली, इथे चालूच राहिली. स्पर्धा नव्हती, लायसन्स-राज होतं, हे खरंच. पण मुंबईची टॅक्सी दिवसाला दोन-दोन शिफ्ट धावते, प्रत्येक सिग्नलला थांबते आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जाते. तिथे लायसन्स-राज इंजिन चालू ठेवू शकत नाही. ती टिकली कारण टॅपेट सेट करायला, प्लग साफ करायला, कार्बोरेटर उघडायला फुटपाथवरचा मेकॅनिक पुरेसा होता आणि त्याचा पान्हा आत जात होता. पत्रा मात्र इथेही सडायचा. तुकडा वेल्ड करायचा, वर काळा-पिवळा रंग मारायचा, गाडी परत स्टँडवर.

जाकोझा १९७० मध्ये निवृत्त झाला. फियाटमधल्या चाळीस वर्षांवर त्याने पुस्तक लिहिलं, ते १९७९ मध्ये आलं. ३१ मार्च १९९६ ला तुरिनमध्ये तो वारला, वय ९१. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. बंद पडली म्हणून नव्हे, नियम म्हणून.

परवा लॅबमध्ये कोणी नव्हतं. मामांकडून व्हर्निअर मागून घेतला. कापलेल्या सिलिंडरमध्ये जॉ धड बसेना, रंगाचे थरही मध्ये येत होते. एका कोपऱ्यातला रंग मामांनीच खरवडून दिला. तीन वेळा मोजलं. ६८.१, ६८.०, ६८.१. जर्नलमध्ये हा प्रयोग नाही, पण मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवला आहे.