कायद्याचे विद्यार्थी, कायद्याचे प्राध्यापक

आपल्या वस्त्यांमधली मुलंमुली आता कायद्याच्या पदवीकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. कुणी बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जातो, कुणी पदवीनंतर तीन वर्षांच्या. पण घरच्यांना विचारलं की पोरगा नेमकं शिकतो काय, तर उत्तर मिळतं, कलमं पाठ करतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार होते हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मात्र घटनेपर्यंत पोहोचण्याआधी बाबासाहेब कायदा कसा शिकले आणि पुढे वर्गात उभे राहून तो कसा शिकवत होते, याकडे आपलं लक्ष कमी जातं. म्हणून वर्धापनदिनाच्या या अंकात तेवढीच बाजू मांडायची आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि माता भीमाबाई यांच्या पोटी जन्म, १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ. इथवरचा प्रवास सर्वांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बाबासाहेबांनी आपल्याकडची एल.एल.बी. कधी केलीच नाही. ते बॅरिस्टर झाले आणि तेही दोन टप्प्यांत, मध्ये खंड पडून.

११ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत त्यांनी नाव दाखल केलं. बॅरिस्टर होण्याची तिथली रीत आपल्याला गमतीची वाटेल. परीक्षा तर द्यायचीच, पण प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात जेवायलाही बसायचं. जेवणं भरली नाहीत तर सत्र भरत नाही! ज्या समाजाच्या माणसाला मायदेशात पंगतीत घेत नव्हते, त्याला तिथे वकिलांच्या पंगतीत बसल्याशिवाय सनद मिळणार नव्हती. अभ्यासाला रोमन कायदा, इंग्लंडची राज्यघटना, करार, अपकृत्य, गुन्हेगारी कायदा असे विषय असत. पुढच्याच वर्षी, १९१७ साली, शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. सामानातून वेगळी पाठवलेली पुस्तकं जहाजाबरोबर समुद्रात बुडाली. पहिलं महायुद्ध चालू होतं ना.

मग बडोद्याची नोकरी आणि तिथला अपमान. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगारातून पैसा पैसा बाजूला टाकून, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालय आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचन. अर्थशास्त्राचा प्रबंध आणि बॅरिस्टरीचा अभ्यास अशा दोन्ही घोड्यांवर बसून २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. त्या वेळी वय होतं एकतीस. आज परिस्थितीमुळे एखाद्या मुलाचं एक वर्ष वाया गेलं तर घरात सुतक धरतात, त्यांनी हे सालवार गणित एकदा मांडून पाहावं.

१९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. बॅरिस्टरला काम मिळायचं ते सॉलिसिटरकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ कोण देणार? म्हणून अपील शाखेत आणि जिल्ह्याच्या कोर्टांत मिळेल ते काम ते करत. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत गोरगरीब अशील यायचे, पुष्कळदा फी न देताच जायचे. घर चालवायला म्हणून जून १९२५ ते मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकवला.

व्यापारी कायदा म्हणजे मुख्यतः १८७२ चा करार कायदा. मालविक्री आणि भागीदारी हे आज स्वतंत्र कायदे म्हणून शिकवले जातात, पण तेव्हा ती करार कायद्यातलीच प्रकरणं होती. मालविक्रीचा कायदा १९३० साली आणि भागीदारीचा १९३२ साली वेगळा झाला. करार म्हणजे काय? एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने स्वीकारायचा, दोघांची संमती मोकळी हवी. धाकाने किंवा वजन टाकून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या समाजातला माणूस हे प्रकरण हिशेबनिसांच्या वर्गाला समजावून सांगत होता!

याच काळात १९२६ साली पुण्याला देशाचे दुश्मन या पुस्तकाचा खटला उभा राहिला. दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरे मंडळींवर अब्रुनुकसानीचा आरोप होता आणि खालच्या कोर्टात शिक्षाही झाली होती. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि ती रद्द करवून घेतली. मेलेल्या माणसाची बदनामी होऊ शकते का, तक्रार कुणी करायची, हा प्रश्न आजही गुन्हेगारी कायद्याच्या पेपरात येतो. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ३५६ मध्ये आहे. आकडे बदलले तरी प्रश्न तोच राहिला. अर्थात प्रत्येक खटला त्यांनी जिंकला असं नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य मासिकाची बाजू त्यांनी मांडली, तिथे हार पत्करावी लागली.

पण कायद्याच्या विद्यार्थ्याने सर्वात बारकाईने वाचावा तो महाडचा दावा. मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो, त्यानंतरची कोर्टाची लढाई फारशी आठवत नाही. १२ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्य मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो माणसं तळ्यावर जायला कमर कसून आली होती. हुकूम मोडावा की पाळावा? बाबासाहेबांनी लोकांना आवरलं. मनुस्मृतीचं दहन झालं, गावातून मिरवणूक निघाली, पण पाण्याला हात लावला नाही. काहींना तेव्हा ही माघार वाटली. माझ्या मते ती माघार नव्हती. मनाई हुकूम हा अंतिम निकाल नसतो, हे दिवाणी प्रक्रियेच्या पहिल्या धड्यातलं ज्ञान त्यांच्यापाशी होतं. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो हुकूम उठलाही.

दावा मात्र पुढे चालला. वादींचं म्हणणं काय, तर अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची आमची अनादी काळापासून रूढी आहे. आता रूढीला कायद्याचं बळ कधी मिळतं, हा न्यायशास्त्राचा विषय. ती पुरातन हवी, अखंड चालत आलेली हवी, निश्चित हवी, वाजवी हवी. इंग्रजी कायद्यात तर पुरातन म्हणजे ११८९ सालच्या आधीपासूनची, इतकं काटेकोर मोजतात. आणि सिद्ध कुणी करायचं? जो रूढी सांगतो त्याने. हा झाला पुराव्याचा कायदा. तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं, ही झाली मालमत्तेची बाजू. एका तळ्याच्या पाण्यात अर्धा अभ्यासक्रम आला बघा.

महाडला दावा फेटाळला गेला, ठाण्याच्या अपिलातही तेच झालं, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोरही वादींना अनादी रूढी सिद्ध करता आली नाही. (हेच ब्रूमफील्ड १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश.) सव्वानऊ वर्षं लागली. निकाल लागला त्या दिवशी प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर हे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते आणि न्यायशास्त्राचे पेरी प्रोफेसर होते. म्हणजे रूढी हा कायद्याचा उगम कसा, हा त्यांच्याच अध्यासनाचा विषय आणि त्याच विषयावरच्या दाव्यात ते स्वतः पक्षकार!

१८५५ साली स्थापन झालेल्या या कॉलेजात त्यांनी १९२८-२९ मध्येही शिकवलं होतं. प्राचार्यपद आलं ते जून १९३५ मध्ये, माता रमाई २७ मे रोजी गेल्यानंतर अवघ्या काही दिवसांत. त्या मनःस्थितीत ते रुजू झाले आणि १९३८ पर्यंत राहिले. त्याच ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. सप्टेंबर १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आलं. आणि हे सर्व करून कॉलेजही चालवलं. त्यांच्या शिकवण्याच्या टिपणांपैकी काही महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात छापलेली आहेत. इंग्लंडची राज्यघटना, मुदतीचा कायदा, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण, विश्वस्त कायदा, फौजदारी प्रक्रिया असे त्यात विषय आहेत. आजच्या विद्यार्थ्याने आपली विषयांची यादी शेजारी ठेवून पाहावी, बहुतेक नावं जुळतील. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घरजागेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या स्टँपपेपरवर घरं घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे एकच कलम समजून घेतलं तरी किती घरं वाचतील!

जानेवारी १९३६ मध्ये कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. नुसते कायद्याचे पेपर पास होऊन वकील घडत नाही, त्याला इतर विद्यांचीही जोड हवी, असा त्यांचा रोख होता. आज पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय कायद्याबरोबर शिकवतात.

पुढची हकीकत थोडक्यात. १९४७ साली ते कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, २६ नोव्हेंबर १९४९ ला ३९५ कलमांची घटना स्वीकारली गेली. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्याच बिलाचे तुकडे होऊन १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, पालकत्व, दत्तक असे चार कायदे झाले. आता तेच कौटुंबिक कायद्याच्या पेपरात असतात. आपल्या विहारात लागणारी लग्नंही कायद्याच्या दृष्टीने १९५५ च्या विवाह कायद्याखालीच येतात, कारण त्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा नावाने उल्लेख आहे. काही मंडळींना हे खटकतं. त्यावर वाद जरूर करावा, पण कलम वाचून करावा.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एल.एल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. १९४५ साली त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केलं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. महाविद्यालय फोर्टात आनंद भवनात आहे. तिथल्या प्रवेशासाठी आता राज्याची सीईटी द्यावी लागते, तेव्हा ज्यांना अर्ज भरायचा आहे त्यांनी जातीचा दाखला आणि गुणपत्रिका आधीच काढून ठेवाव्यात.