३ जानेवारीच्या पलीकडच्या सावित्रीबाई

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. उंद्रीहून रोज सकाळी स्कूलच्या गाडीत बसून चिखलीला जायचं आणि संध्याकाळी परत. त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की व्हायव्हाच्या आधी फुटतो तसा घाम फुटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर त्या माझ्या.

आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा होता. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या वॉर्डात फिरणारी ती बाई मला आजही चित्रासकट आठवते. सावित्रीबाई फुले मात्र वर्षातून एकदाच भेटायच्या, ३ जानेवारीला. फोटोला हार, दोन भाषणं, अंगावर शेण झेलून मुलींना शिकवणारी पहिली शिक्षिका, टाळ्या, आणि मग पहिला तास. त्यांचं आयुष्य कसं संपलं, हे बारावी होईपर्यंत मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता ते पुस्तक माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. माझी आई आशा कार्यकर्ती आहे. लॉकडाऊन लागला तेव्हा मी नववीत होतो. सगळं गाव दार लावून घरात बसलं होतं आणि माझी आई घरोघर फिरत होती. पुण्या-मुंबईहून कोण आलं, कुणाला ताप आहे, कुणाला खोकला आहे, याची यादी करायची. सप्टेंबर २०२० मध्ये माझे कुटुंब माझी जबाबदारी ही मोहीम सुरू झाली, तेव्हा तर तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन दिवसच्या दिवस बाहेर. काही घरं तिला ओसरीवर उभं करायची नाहीत. खरं सांगू? मलाही तिची भीती वाटायची. ती आली की मी मधल्या खोलीत जाऊन बसायचो. ती अंगणात आंघोळ करून, वेगळं ताट घेऊन एकटी जेवायची. पुढे एका कार्यक्रमात तिचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि सावित्रीबाईंचं एक छोटंसं चरित्र मिळालं. नारळाची चटणी झाली, शाल आजीने घेतली, पुस्तक माळ्यावर गेलं. ते मी वाचलं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. का वाचलं, ते शेवटी सांगतो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी. १८४० मध्ये जोतिरावांशी लग्न झालं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे. लग्नानंतर त्या लिहा-वाचायला शिकल्या, शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ असतं. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. १८६३ मध्ये फुले दांपत्याने विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं. तिथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे मी यादी करायची म्हणून लिहीत नाही. पुढे प्लेगमध्ये लोकांनी त्यांचं का ऐकलं असेल, याचं उत्तर या तीस-चाळीस वर्षांत आहे असं मला वाटतं.

पहिली मोठी परीक्षा १८७६-७७ च्या दुष्काळाची. सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. ओतूरहून एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी जोतिरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. माणसं गावं सोडून चालली होती, जनावरं मरत होती. सत्यशोधकांनी गावोगावी मदतीच्या समित्या केल्या होत्या. दुष्काळाचा फायदा घेणाऱ्या सावकारांशी संघर्ष झाला आणि कार्यकर्त्यांना अटक झाली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः कलेक्टरला भेटल्या, बाजू मांडली आणि आपली माणसं सोडवून आणली. शिवाय कलेक्टरने ज्वारीच्या गाड्या पाठवल्या. विचार करा, १८७७ साल, समोर इंग्रज अधिकारी, आणि बोलणारी एक बाई! आपल्याकडे इव्हेंटमध्ये काही गडबड झाली आणि सरांनी केबिनमध्ये बोलावलं की कोऑर्डिनेटर ज्युनियरला पुढे ढकलतो. मी स्वतः हे केलेलं आहे, म्हणून लिहितो.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावर नातेवाइकांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः धरलं. त्यानंतर समाजाचं कामही त्यांनी खाली ठेवलं नाही. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

आणि मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. तेव्हाची परिस्थिती समजून घ्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली होती, पण सामान्य माणसापर्यंत ती पोचायला अजून वेळ होता. म्हणजे १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात काम करणाऱ्याला रोग नेमका कशाने लागतो हे ठाऊक नव्हतं आणि त्यावर खात्रीचं औषधही नव्हतं.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. (हाच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात पुन्हा वापरला गेला!) पुण्यात रँड या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. अधिकार, पैसा, माणसं, सगळं त्याच्या हाताशी होतं. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरात घुसून तपासणी करू लागल्या. सामान बाहेर फेकणं, बायकांची विटंबना, अशा तक्रारी वाढल्या. लोक आजारी माणसाला लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो पुढे मेला. तपासणी आणि रोग्यांना वेगळं ठेवणं यांतला हेतू वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांनाच शत्रू मानलं, तर सिस्टीम कितीही स्ट्राँग असो, चालत नाही.

सावित्रीबाईंकडे यातलं काहीच नव्हतं. वय सहासष्ट. पण यशवंत डॉक्टर झाला होता आणि सैन्यात नोकरीला होता. त्याला त्यांनी बोलावून घेतलं. हडपसरजवळ सासणे मळ्यात, शहराच्या बाहेर मोकळ्या जागी, दवाखाना उभा राहिला. सासणे हे यशवंतचं सासर. कामाची वाटणी बघा. उपचार डॉक्टर करणार, त्यात सावित्रीबाईंनी डॉक्टरकी केली नाही. वस्त्यांमधून फिरून रोगी शोधणं, घरच्यांची समजूत घालणं, रोग्याला दवाखान्यापर्यंत आणणं, हे काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. सगळ्यात धोक्याचं हेच काम होतं. आणि ते त्याच करू शकत होत्या, कारण लोक त्यांना ओळखत होते. घरचा हौद खुला करणारी बाई दारात आली तर लोक दार उघडतात.

मुंढव्याच्या तेव्हाच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचं त्यांना कळलं. त्या गेल्या, मुलाला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. तो मुलगा वाचला असं चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंत पुढे सैन्यात परत गेला. पण १९०५ मध्ये पुण्यात पुन्हा प्लेग असताना तो रोग्यांची सेवा करायला आला आणि त्याच रोगाने गेला. आई आणि मुलगा, दोघंही. भारतात या साथीने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मनात आलं, हे बरोबर होतं का? ज्या माणसावर सगळी टीम उभी आहे, त्यानेच सगळ्यात पुढे जाऊन मरायचं? आपण मशीन डिझाइन करताना एकाच पार्टवर सगळा लोड देत नाही. सावित्रीबाई गेल्यावर त्या वस्त्यांमध्ये कोण गेलं असेल?

हा प्रश्न मी आईला विचारला. ती भाकरी थापत होती. तिने उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं की त्या दिवशी त्या पोराला आणायला दुसरं कोण तयार होतं? मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली की सत्काराची शाल चांगली होती, पण २०२० मध्ये तिला शालीपेक्षा चांगला मास्क हवा होता. तिने पहिले बरेच दिवस ओढणी तोंडाला बांधून काढले होते. हे मला माहीतच नव्हतं. मी मधल्या खोलीत होतो ना.

मला वाटतं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जो पुढारी आहे त्याने स्वतः करणार नाही ते काम दुसऱ्याला सांगू नये, हे सावित्रीबाईंकडून शिकायचं. आणि जो पुढे जातो त्याला आपण एकटं पाडू नये, हे आपण आपलं शिकायचं. त्यांच्या मरणाला फक्त हार घालून मोकळं होणं सोपं आहे. त्यांच्या जागी आज उभ्या असलेल्या माणसाला मास्क, हातमोजे आणि बदली माणूस देणं कठीण.

आता ते शेवटचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या होस्टेलवर डेंग्यूची साथ आली होती. मी फ्लोअर रिप्रेझेंटेटिव्ह. मी काय केलं? लगेच व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, सूचनांची मोठी पोस्ट टाकली, खाली माझं नाव आणि पद लिहिलं. पन्नास अंगठे आले. पण कोपऱ्यातल्या रूममधला ज्युनियर दोन दिवस तापाने पडून होता आणि त्याच्या दारापर्यंत मी गेलो नाही. डेंग्यू डासातून होतो, माणसाला माणसापासून तसा लागत नाही, हे मीच त्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. तरी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चक्कर येऊन पडला. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी डबा द्यायला वर आल्या होत्या, त्यांनी पाहिलं. त्यांनी आणि वॉचमन काकांनी त्याला धरून तीन जिने खाली आणलं आणि ऑटोत घातलं. मी गॅलरीतून बघत होतो. हातात मोबाईल होता, ग्रुपवर अपडेट टाकत होतो.

तो बरा झाला, आता रोज क्रिकेट खेळतो. त्याने मला कधी काही म्हटलं नाही. म्हणूनच दिवाळीला घरी गेल्यावर माळ्यावरचं ते पुस्तक काढलं. आईच्या फिरण्याची भीती वाटणारा नववीतला मुलगा आणि गॅलरीत उभा असलेला फ्लोअर रिप्रेझेंटेटिव्ह एकच आहे, हे मला कळलं होतं. बरं वाटावं म्हणून वाचायला घेतलं, पण वाचून आणखीच अस्वस्थ झालो.

असो. सुट्टीवरून आल्यावर आम्ही मजल्यावर एक साधा कागद लावला आहे. आजारी पडलेल्याजवळ रात्री कोण बसणार, डॉक्टरकडे कोण नेणार, घरी फोन कोण करणार, कूलरचं आणि टाकीचं पाणी आठवड्याला कोण ओतून टाकणार. प्रत्येक कामासमोर दोन नावं, एक माणूस आणि एक बदली. रात्री बसण्याच्या कामासमोर पहिलं नाव माझं आहे. मावशींना आणि वॉचमन काकांना विचारून त्यांचीही नावं घातली, आणि त्यांच्यापैकी कुणी आजारी पडलं तर कोण जाणार, तेही लिहिलं.

येत्या ३ जानेवारीला फोटोला हार घालाल तेव्हा १० मार्चही आठवा. आणि शेजारच्या रूमचं दार दोन दिवस बंद दिसलं, तर ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी एकदा ते वाजवा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी