विवेकाची कसोटी

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. दारिद्र्याशी झगडून ते तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाले व अल्प वेतनावर शिक्षक झाले. मिल व स्पेन्सर यांचे नीतिविचार त्यांनी ग्रंथांतच राहू दिले नाहीत. रूढी जुनी म्हणून ती योग्य ठरत नाही. ती बुद्धीला पटते काय आणि तिने मनुष्याचे सुख वाढते काय, ही त्यांची कसोटी होती.

कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर ‘केसरी’ने केलेल्या आरोपांना आधार असलेली पत्रे बनावट ठरली, तेव्हा संपादक आगरकरांनी टिळकांसह क्षमा मागितली. तरीही शिक्षा झाली. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले.

पुढे १८८८ साली ‘सुधारक’ काढून त्यांनी तीच कसोटी बालविवाह व विधवांचे केशवपन या रूढींना लावली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा टिळकांनी विरोध केला. आगरकरांनी मात्र मित्राचा विरोध पत्करून त्याचा पुरस्कार केला. क्षुब्ध विरोधकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, परंतु त्यांची लेखणी थांबली नाही. १८९५ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.