अंगणात गेलेली शाळा



मूल शाळेला कंटाळले की आपण मुलालाच दोष देतो. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी आधी शाळा तपासली. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई लग्नानंतर काही काळ आपल्या विदर्भात, अमरावतीला होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी मारिया माँटेसरी यांची पद्धत राबवली. तीत शिक्षेचा धाक किंवा बक्षिसाचे आमिष नव्हते. मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने शिकायचे होते.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला (आजचा पालघर जिल्हा) बालवाडी काढली. गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ वस्तीच्या अंगणातच गेल्या. आधी मुलांची आंघोळ, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने वापरली. कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. मुले तीच होती. शिकण्याची जागा व रीत बदलली, तशी ती रमू लागली. १९७५ साली सरकारी योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले.

उद्या सोमवार. घरातले मूल दप्तर उचलताना कुरकुरले, तर रागावण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा, वर्गात काय आवडत नाही. आणि ते शिक्षकांच्या कानावर घाला.